युनचान लिमची शोपँ एट्यूड्सची सीडी : दोन महिने ऐकल्यानंतर

ज्यांना फक्त घ्यायची की नाही एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, घ्या. डेक्का कंपनीने १९ एप्रिल २०२४ ला काढलेला हा अल्बम आहे, युनचान लिम नावाच्या कोरियन पियानिस्टचा, एकोणिसाव्या शतकातला पोलिश संगीतकार शोपँ याच्या ओपस १० आणि ओपस २५ (ओपस म्हणजे छापलेल्या संचाचा क्रमांक) मिळून चोवीसच्या चोवीस एट्यूड्स, म्हणजे पियानोच्या सरावाच्या रचना, एकाच सीडीवर, साधारण तासाभराचं ऐकणं. मला बाहेरून मागवायला लागली म्हणून हजाराच्या वर पडली आणि यायला तीन आठवडे लागले. पाकीट उघडलं तर डबीचं झाकण एका कोपऱ्यात तडकलेलं, आत सीडी ज्यात अडकते ते गोल दात असतात ना त्यातले दोन तुटून आत खुळखुळत होते, काळजात धस्स झालं, पण सीडीवर ओरखडा नव्हता आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही न अडखळता वाजली. ज्याच्याकडून घेतली त्याला फोटो पाठवले, काही उत्तर आलं नाही. म्हणून एक सांगते, कुठूनही मागवा पण नुसत्या पाकिटात पाठवू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवा असं आधीच लिहून कळवा. डबी मी घरातल्या एका जुन्या सीडीची काढून लावली. आता मुद्द्याचं.

हे सगळं ऑनलाइन ऐकायला मिळतं, मग सीडी कशाला, असं मला घरीही विचारलं गेलं. माझं उत्तर असं की हे तुकडे क्रमाने ऐकायचे आहेत. अ‍ॅपवर काय होतं, एखादी फेमस एट्यूड तेवढी वर येते, मग मधेच दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी वाजायला लागतं, आणि शोपँने जी माळ ओवलीय ती तुटते. ओपस १० चा पहिला नंबर सी मेजरमध्ये आहे आणि दुसरा ए मायनरमध्ये, म्हणजे पट्ट्या त्याच पांढऱ्या, फक्त घर बदललेलं. आपल्याकडे बिलावलचे सूर घेऊन धैवताला सा मानलं की आसावरी थाट निघतो ना, मूर्च्छना म्हणतो आपण, अगदी तेच. तिसरा आणि चौथा तसेच जोडीने, पाचवा आणि सहावाही. तिसरा शांत संपतो आणि चौथा अंगावर धावून येतो, आणि हस्तलिखितात शोपँने तिसऱ्याच्या शेवटी लिहून ठेवलंय की न थांबता लगेच पुढचा सुरू करा. मधे जाहिरात आली की संपलं सगळं.

मी लिमला पहिल्यांदा ऐकलं ते बाकी सगळ्या जगाने ऐकलं तिथेच, यूट्यूबवर, २०२२ चा पावसाळा होता. अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्न स्पर्धा असते, १९६२ पासून चालू आहे, साधारण चार वर्षांनी एकदा होते, २०२१ ची कोविडमुळे एक वर्ष पुढे ढकलली होती. त्या स्पर्धेच्या फायनलचा व्हिडिओ, रशियन संगीतकार रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची मोठी रचना. मला मैत्रिणीने पाठवला होता, नुसतं "ऐक" एवढं लिहून. रात्री भांडी आवरून झाल्यावर पाच मिनिटं बघू म्हणून बसले आणि चाळीसेक मिनिटं हलले नाही. अठरा वर्षांचा मुलगा, केस कपाळावर आलेले, चेहऱ्यावर काही दाखवायचं म्हणून दाखवलेलं नाही, आणि हातातून जे निघत होतं ते ऐकून मला समजेना की हे एवढं मोठं दुःख याच्याकडे आलं कुठून. शेवटी ऑर्केस्ट्राची कंडक्टर मॅरिन ऑलसॉप डोळे पुसताना दिसते. लोक त्या व्हिडिओखाली अजून येऊन लिहून जातात. त्याला सुवर्णपदक मिळालं, त्या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लहान विजेता, एक लाख डॉलर आणि तीन वर्षं कार्यक्रमांची व्यवस्था असं ते बक्षीस. शिवाय श्रोत्यांच्या पसंतीचं बक्षीसही त्यालाच आणि स्पर्धेसाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या नव्या रचनेच्या सादरीकरणाचंही त्यालाच.

पण माझ्या मते त्या स्पर्धेतली खरी गोष्ट फायनलच्या आधीची, सेमीफायनलची आहे, आणि या सीडीशी तिचा सरळ संबंध आहे म्हणून सांगते. तिथे त्याने फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या बाराच्या बारा ट्रान्सेन्डेन्टल एट्यूड्स सलग वाजवल्या. तासाभराच्या वर जातं ते. या रचनांतली एक वाजवायची म्हटली तरी मोठमोठे लोक महिनोन् महिने घालवतात, आणि स्पर्धेत, जिथे एक चूक झाली तरी परीक्षकांच्या कानाला लागते, तिथे बारा सलग लावायच्या म्हणजे काय हे जरा डोळ्यासमोर आणा. ते रेकॉर्डिंगही नंतर २०२३ मध्ये निघालं. ऐकताना एका ठिकाणीही असं वाटत नाही की हा आता कसरत करून दाखवतोय. तेव्हाच मनात आलं होतं की याने शोपँच्या एट्यूड्स घ्यायला हव्यात, आणि दोन वर्षांत त्या आल्या.

एट्यूड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शब्दाचा अर्थ अभ्यास. हाताला वळण लागावं म्हणून लिहिलेला तुकडा, प्रत्येकात एकच अडचण धरलेली. आपण पलटे घोटतो, अलंकार घोटतो, तसं. पण मला जास्त जवळचा वाटतो तो तबल्यातला कायदा. कायदा हा रियाजाला पण आहे आणि मैफलीला पण आहे, ज्या बोलांवर पोरं सहा सहा महिने हात घासतात तेच बोल उस्ताद सोलोमध्ये मांडतो आणि माणसं वाहवा करतात. शोपँने पियानोच्या बाबतीत हे केलं. त्याच्या आधीही एट्यूड होत्या पण त्या बहुतेक क्लासच्या खोलीतच राहायच्या. त्याने या लिहायला घेतल्या तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, ओपस १० छापून आलं १८३३ मध्ये, ते त्याने लिस्टला अर्पण केलं, आणि ओपस २५ आलं १८३७ मध्ये. प्रत्येकात बारा. आणि ही सीडी आली त्याच्या एक महिना आधी लिमला वीस वर्षं पूर्ण झाली होती. लिहिणारा आणि वाजवणारा एकाच वयाचे, हे मला फार आवडलं. साठीतल्या पियानिस्टकडून या ऐकल्यात मी, छानच असतात, पण त्यात एक आठवण काढल्यासारखं असतं. इथे तसं नाही, इथे आत्ता घडतंय.

आता आईचं सांगते. माझी आई बहात्तर वर्षांची आहे, आयुष्यभर हिंदुस्थानी ऐकलेली, पियानो म्हणजे तिच्या लेखी सिनेमातल्या पार्टीत हिरो वाजवतो ते. रविवारी सकाळी मी सीडी लावली होती आणि ती डायनिंग टेबलावर मेथी निवडत बसली होती. ओपस १० संपेपर्यंत काही बोलली नाही, एकदा फक्त जरा हळू कर म्हणाली. ओपस २५ मधला ७ नंबर सुरू झाला. हा तुकडा डाव्या हाताने एकट्याने सुरू होतो, चेलोसारखा खर्जातला आवाज, कुणीतरी स्वतःशीच बोलल्यासारखा, मग उजवा हात येतो पण तो साथीला आणि जरा लांबून उत्तर द्यायला. आईचे हात थांबले. मेथीची जुडी तशीच हातात. एट्यूड पूर्ण संपेपर्यंत तिने एक पान तोडलं नाही आणि मग म्हणाली, "अगं, हा डाव्या हाताने गातोय की." मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात शोपँ हे नाव ऐकलेलं नाही त्याला पहिल्या फटक्यात ऐकू आलं ते हेच, आणि माझ्या मते या अख्ख्या सीडीचं मर्म तेच आहे, डावा हात.

एट्यूड्समध्ये सगळ्यांचं लक्ष उजव्या हाताकडे असतं कारण बहुतेक ठिकाणी कसरत उजव्या हाताची आहे. लिम डाव्या हाताला गायला लावतो. ओपस १० च्या पहिल्याच नंबरात उजवा हात खालून वर आणि वरून खाली लाटांसारखा फिरत असतो, अख्ख्या कीबोर्डवर, आणि डाव्या हाताला फक्त लांब लांब खर्जाचे स्वर आहेत. इतरांच्या वाजवण्यात मी कायम त्या लाटा ऐकत आले. इथे पहिल्यांदा ते खालचे स्वर एका ओळीत बांधलेले ऐकू आले, तानपुऱ्याचा खर्ज लागला की गळा कसा त्यावर टेकतो तसा उजवा हात त्यावर टेकलेला. दुसऱ्या नंबरात उजव्या हाताच्या मधल्या, अनामिका आणि करंगळी अशा तीन दुबळ्या बोटांनी भरभर चढउतार करायचे असतात आणि त्याच हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने खाली छोटे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले दोन-तीन स्वर, टिपायचे असतात. हे करताना भल्याभल्यांचा हात लाकडासारखा होतो. लिमकडे ते कॉर्ड नाचतात.

तिसऱ्या नंबराबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण त्याचं पहिलं पान मी स्वतः बसवतेय. मी पुण्यात सहा वर्षं पियानो शिकले, मग नोकरी लागली, लग्न झालं आणि पियानो सुटला, आता चार वर्षांपूर्वी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि रात्री हेडफोन लावून बसते. हा तुकडा कागदावर सोपा दिसतो, सावकाश आहे, मधलं पान सोडलं तर. पण प्रश्न असा आहे की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका वर गाणं म्हणतायत आणि त्याच हाताचा अंगठा आणि तर्जनी खाली संथ साथ देतायत, म्हणजे एका हाताची पाच बोटं असली तरी त्यात दोन माणसं बसलीत आणि एकाने दुसऱ्याच्या आवाजावर चढायचं नाही. निसर्गाने ताकद दिलीय अंगठ्याला आणि गायचंय करंगळीला. मी पहिले आठ बार (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक छोटा खण) तीन महिने घासतेय, करंगळीवर हाताचं वजन थोडं कलतं ठेवायचं, अंगठा पट्टीवरून उचलायचाच नाही, नुसता दाबून सोडायचा, असं करत करत कधीतरी एखाद्या रात्री चार स्वर जुळतात. हे केल्यावर लिमचं ऐकलं तर अंगावर काटा येतो. कारण त्याच्याकडे दोन नाही, चार माणसं आहेत. वरचं गाणं आहे, मधली साथ आहे, डाव्या हाताच्या खालच्या स्वराला स्वतःची चाल आहे आणि त्याच्या वरच्या स्वराला पण आहे, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या उंचीवर ठेवलाय आणि कुणीही कुणाला ढकलत नाही. आणि तो हा तुकडा रडवा करत नाही. लोकांनी याला दुःख वगैरे नाव चिकटवलंय, ते शोपँने दिलेलं नाही, आणि त्या नावापायी पुष्कळ जण याची लय ओढून ओढून लांबवतात. लिम चालता ठेवतो. त्यामुळे मधे जिथे खरंच वादळ उठतं तिथे ते आतून उठल्यासारखं वाटतं.

ओपस २५ माझ्या मते ओपस १० पेक्षाही सरस आहे. पाचवा नंबर ऐका, ई मायनरमधला, सुरुवातीला मुद्दाम बाजूचा स्वर लावून मग खऱ्या स्वरावर येतो, जणू ठेच लागत लागत चाललंय, आणि मग मधे एकदम ई मेजर येतं आणि मधल्या पट्टीत, वर उजव्या हाताची झालर आणि खाली खर्ज यांच्यामधोमध, एक असं लांब गाणं सुरू होतं की वाटतं हे इतका वेळ इथेच होतं, आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. नवव्या नंबरात, जो जेमतेम मिनिटाचा आहे, तोच भाग परत येतो तेव्हा त्याने डाव्या हाताच्या साथीत स्वतःचे फेरफार केलेत. हे काही लोकांना चालणार नाही हे मला माहितीये, शोपँने लिहिलंय ते जसंच्या तसं वाजवा असं म्हणणारे आहेत. जुन्या पिढीतले पियानिस्ट असं करायचे आणि आपल्यासारख्या, बंदिश तीच पण मांडणी रोज वेगळी अशा परंपरेत कान तयार झालेल्यांना तर यात काही खटकायचं कारणच नाही. मला ते ऐकून आनंद झाला. अकराव्या नंबराच्या सुरुवातीला चार बार अगदी हळू आहेत, आधी नुसती एकेरी सुरावट, मग तीच कॉर्ड्स घेऊन, आणि त्यानंतर उजव्या हातातून जे काही कोसळतं ते कोसळतं. ते चार बार लिम किती शांत वाजवतो बघा. घाई नाही. पुढे काय येणार हे त्याला माहीत आहे आणि तरी तो वाट बघतो. आणि कोसळायला लागल्यावरही ती सुरुवातीची सुरावट डाव्या हातात ताठ उभी असते, तिला कुठे वारा लागत नाही.

परत ७ नंबरवर येते कारण त्याबद्दलची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लिमने कोरियन पत्रकारांशी बोलताना सांगितलं होतं की या एट्यूडच्या पहिल्या दोन बारांवर तो सात तासांहून जास्त वेळ बसला होता. दोन बार. त्याचं म्हणणं साधारण असं की पहिला स्वर लावला आणि तो काळजाला भिडला नाही तर परत लावायचा, भिडला की मगच दुसऱ्याकडे जायचं, मग पहिला आणि दुसरा जोडून बघायचे. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या गुरूंच्या गोष्टी आठवल्या, वर्षभर नुसता षड्ज लावून घेणाऱ्या. या गोष्टी आपण ऐकतो आणि जुना काळ होता म्हणून सोडून देतो. हा मुलगा २००४ साली जन्मलेला आहे.

जन्म सोलजवळच्या सिहुंग गावचा. सातव्या वर्षी पियानो सुरू केला, तोही घराजवळच्या साध्या क्लासमध्ये, बाकीची पोरं काही ना काही शिकतायत मग आपणही शिकू म्हणून. घरात कुणी संगीतातलं नाही. पुढे सोल आर्ट्स सेंटरच्या अकादमीत गेला, मग कलेत हुशार असलेल्या मुलांसाठी सरकारची जी संस्था आहे तिथे तेराव्या वर्षी त्याला मिन्सू सोन हे गुरू भेटले आणि तिथून पुढची सगळी वाट त्यांच्याबरोबरची आहे. सोन स्वतः मोठे पियानिस्ट, कॅनडातली २००६ ची होनेन्स पियानो स्पर्धा जिंकलेले. ते बॉस्टनला न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरीत शिकवायला गेले तेव्हा हा पण त्यांच्यामागे तिथे गेला. क्लायबर्न जिंकून जगभर नाव झाल्यावर, हातात रेकॉर्ड कंपनीचा करार असताना, हा परत गुरूसमोर विद्यार्थी म्हणून बसला. पुष्कळ जण स्पर्धा जिंकली की शिकणं संपलं असं धरतात. त्याने जिंकल्यावर लगेच सांगितलं होतं की डोंगरात जाऊन फक्त पियानो वाजवत राहावं असं वाटतं पण मग पोट कसं भरणार.

त्याच्या आधी २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी त्याने कोरियातल्या टोंगयोंगची इसांग युन स्पर्धा जिंकली होती, तिथेही सगळ्यात लहान. कोरियन मुलांमध्ये हे एकट्या लिमचं प्रकरण नाही, २०१५ ला वॉर्साची शोपँ स्पर्धा सोंगजिन चोने जिंकली, २०१७ ची क्लायबर्न सनवू येक्वॉनने आणि लगेच पुढची २०२२ ची लिमने. लोक म्हणतात तिकडे पोरांना मारून मुटकून शिकवतात म्हणून हे होतं. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. चो आणि लिम यांना पाठोपाठ ऐका, चो नितळ, सगळं कोरलेलं, आवाजाला कुठे धार लागू न देणारा, आणि लिम धोका पत्करणारा. एका साच्यातून असे दोन निघत नाहीत.

आता ज्या जागा मला पटल्या नाहीत त्या. ओपस १० च्या चौथ्या नंबरात एकच धावती सुरावट या हातातून त्या हातात जाते, सवाल-जवाब असतो तो, आणि लिमचा वेग इतका आहे की जवाब ऐकून होईपर्यंत पुढचा सवाल येऊन गेलेला असतो. बोटांचं काही चुकत नाही, माझा कान मागे राहतो. आठव्या नंबरात डावा हात इतका पुढे आलाय की दोन-तीनदा मला उजव्याची झळाळी हवी होती ती मिळाली नाही. आणि शेवटचा, ओपस २५ चा बारावा, दोन्ही हातांनी अख्ख्या पियानोवर लाटा, तो जोराने सुरू होतो आणि जोरातच राहतो, त्यात चढायला जागा कमी उरते. हेडफोनवर तो मला थकवतो, स्पीकरवर ठीक. खरं तर अख्खी सीडी हेडफोनवर ऐकूच नका, आवाज फार जवळून घेतल्यासारखा वाटतो, खोलीत हवा लागते त्याला. गाडीत तर अजिबात नको, ट्रॅफिकमध्ये ७ नंबरचे पहिले बार ऐकूच येत नाहीत, मी आवाज वाढवला आणि पाच मिनिटांनी ८ नंबरमुळे दचकले.

याच एट्यूड्सचं इटालियन पियानिस्ट पोलिनीचं १९७२ चं रेकॉर्डिंग घरात आहे मग हे कशाला, असं विचारणारे भेटतील, ते माझ्याकडेही आहे आणि मी ते वीस वर्षं ऐकतेय. मॉरिझिओ पोलिनी पण १९६० मध्ये अठराव्या वर्षी वॉर्साची तीच शोपँ स्पर्धा जिंकलेला. त्याच्या एट्यूड्स म्हणजे संगमरवर, एक रेष इकडची तिकडे नाही. २३ मार्च २०२४ ला पोलिनी गेले आणि त्यानंतर महिनाही व्हायच्या आत लिमची ही सीडी आली. मी त्या आठवड्यात दोन्ही पाठोपाठ लावल्या होत्या, म्हणजे लिमची तेव्हा ऑनलाइनच, सीडी खूप नंतर घेतली. पोलिनी ऐकताना मी शोपँची रचना बघते, सगळ्या खोल्या, सगळे खांब दिसतात. लिम ऐकताना मी त्या घरात राहते. दोन्ही ठेवणार आहे.

बक्षिसांचं म्हणाल तर या अल्बमला २०२४ मध्ये ग्रामोफोन मासिकाचा पियानोचा पुरस्कार मिळाला आणि लिमला तरुण कलाकाराचा, २०२५ मध्ये बीबीसी म्युझिक मॅगझिनचे तीन, त्यात वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्डिंग हाही. अल्बम यायच्या दोन महिने आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये याच एट्यूड्स त्याने वाजवल्या, आणि मग मार्चमध्ये हाताला त्रास व्हायला लागला म्हणून युरोपातले काही कार्यक्रम रद्द करावे लागले. ते वाचून मला खूप काळजी वाटली होती. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाने मनगटाचं दुखणं थोडंफार भोगलेलं असतं, मी पण भोगलंय, आठवडाभर पोळ्या लाटता येत नव्हत्या, आणि ते दुखतंय हे माणूस मास्तरांपासून लपवतो कारण सराव चुकायला नको असतो. लिम थांबला, हात बरा केला आणि परत आला, हे फार बरं केलं. वीस वर्षांच्या मुलाचा हात चाळीस वर्षं टिकायला हवा.

कुणी घ्यावी? पियानो किंवा कीबोर्ड शिकणारं पोर घरात असेल तर जरूर घ्या, पण त्याला तू असं वाजवायचंस म्हणून देऊ नका, नुसती लावून ठेवा. हार्मोनियम वाजवणाऱ्यांनी ऐका, दोन हातांना वेगवेगळा श्वास असू शकतो हे आपल्याला भात्यामुळे कळतच नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पहिल्यांदाच ऐकणार असाल तर एकदम चोवीस नका ऐकू, आधी यूट्यूबवर तो रखमानिनोव्ह बघा, फुकट आहे, मग सीडीतल्या ओपस १० चा ३, ओपस २५ चा १, ५ आणि ७ एवढेच ऐका, शक्यतो सकाळी, घरात मिक्सर चालू नसताना. आठवड्याने बाकीचे.

त्याने चायकोव्हस्कीचं द सीझन्स पण रेकॉर्ड केलंय, ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, वर्षाच्या बारा महिन्यांचे बारा तुकडे, चायकोव्हस्कीने ते पीटर्सबर्गच्या एका मासिकासाठी दर महिन्याला एक असे लिहिले होते. ते मागवलंय, या वेळी दुसरीकडून आणि खोक्यात पाठवा असं लिहून. आई रोज विचारते आलं का म्हणून. आलं की ऐकून लिहीन.